जुन्या गाडीचा गळका ब्रेक पाइप घरी बदलताना

कोकणात किंवा मुंबईत पंधरा-वीस पावसाळे काढलेल्या गाडीखाली एकदा टॉर्च घेऊन डोकवा. खारी हवा, चाकांनी उडवलेला चिखल आणि तो चिखल धरून ठेवणाऱ्या क्लिपा, या तिघांनी मिळून ब्रेकचा लोखंडी पाइप पोखरलेला असतो. वरून नुसता तांबूस दिसणारा पाइप क्लिपेतून सोडवला की खालच्या बाजूने पापुद्रे निघतात. मग एखाद्या दिवशी समोर कुणी आडवं आलं, जोरात ब्रेक दाबला, की पाइप नेमका तिथेच फुटतो.

इथे मी मारुती ८०० डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. १९८३ साली आलेल्या या गाडीचं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं, तरी आजही ती गावोगाव रोजच्या वापरात आहे. सुटे भाग मिळतात, खाली हात पोहोचतो आणि मध्ये कुठे इलेक्ट्रॉनिक्स येत नाही. ओम्नी, झेन, जुनी सँट्रो यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेली गाडी मात्र घरी उघडू नका. तिच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला बऱ्याचदा स्कॅनर लागतो.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करा. गळका तुकडा कापून मध्ये जोड मारणं ही दुरुस्ती नव्हे. एका जागी भोक पडलं, तर उरलेला पाइपही तितकाच जुना आणि त्याच चिखलात राहिलेला आहे. या जोडापासून त्या जोडापर्यंत अख्खा पाइप बदलायचा. एम-सील, टेप, रबरी नळी आणि क्लॅम्प यांचा तर विचारही नको. जोरात ब्रेक दाबला की या पाइपात ७० ते १०० बार दाब येऊ शकतो. टायरमध्ये असतो तो साधारण २ बार.

गळतंय नक्की कुठून?

ब्रेक ऑइलच्या डब्यातली पातळी खाली गेली म्हणजे पाइपच फुटला असं नाही. पॅड झिजत गेले की पातळी हळूहळू थोडी उतरते, ते साहजिक आहे. चार-आठ दिवसांत ती दिसण्याइतकी उतरली, पॅडल मऊ लागलं किंवा नेहमीपेक्षा खाली जाऊ लागलं, तर गळती शोधायलाच हवी.

गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग कुठे आहे ते बघा. ब्रेक ऑइल पातळ असतं, ताजं असताना फिकट पिवळसर आणि जुनं झालं की तपकिरी, बोटाला बुळबुळीत. एसीचं पाणी आणि इंजिनाचं काळं ऑइल यांच्यापासून ते लगेच वेगळं ओळखू येतं. डाग मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला असेल आणि ड्रमच्या पत्र्यावर ओल असेल, तर दोष पाइपात नसून ड्रममधल्या व्हील सिलिंडरमध्ये, म्हणजे ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक ढकलणाऱ्या भागात आहे. ब्रेक पॅडलच्या वर, आतल्या बाजूला ओल लागली तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पॅडल दाबलं की ऑइल पाइपांत ढकलणाऱ्या पंपाचं, मागचं सील गेलेलं असतं. कुठेच ओल नाही आणि तरी पॅडल हळूहळू खाली बसतं, तर बहुधा मास्टर सिलिंडर आतल्या आत गळतो आहे. या तिन्ही दुरुस्त्या वेगळ्या, त्यांत इथे शिरत नाही.

पाइपच गळत असेल तर जागा साधारण ठरलेल्या. गाडीच्या तळाखालून मागे येणाऱ्या लांब पाइपावरच्या क्लिपा, मागच्या ॲक्सलपाशी रबरी होजला जिथे पाइप मिळतो तो नट, आणि ॲक्सलवरून ड्रमकडे जाणारा आखूड पाइप. तारेच्या ब्रशने चिखल काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि कुणाला तरी इंजिन बंद ठेवून पॅडल दाबून धरायला सांगा. ओल पुन्हा दिसेल. त्या वेळी चष्मा डोळ्यांवर हवाच, आणि तोंड पाइपाच्या अगदी जवळ नेऊ नका.

गळती सापडली की गाडी जागची हलवायची नाही. इथे बरेच जण फसतात. या गाड्यांत ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटं असतात, त्यामुळे एक रिकामं झालं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. ‘थांबते तर आहे’ म्हणून लोक आठवडाभर चालवतात. पण पॅडल खूप खाली जातं, थांबायला लागणारं अंतर पुष्कळ वाढतं आणि उरलेलं सर्किटही त्याच वयाचं असतं. गॅरेजला न्यायचीच वेळ आली तर टोइंगच्या गाडीवर चढवून न्या.

काय काय लागेल

१० मिमीचा फ्लेअर नट पाना, म्हणजे रिंगेला एका बाजूने पाइप जाण्यापुरती खाच असलेला पाना. या अख्ख्या कामात पैसे एकाच हत्यारावर घालायचे झाले तर यावर घाला. साधा फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो, आणि गंजलेल्या मऊ नटाचे कोपरे पहिल्याच झटक्यात गोल होतात. याशिवाय ब्लीडर निप्पलसाठी (चाकापाशी असलेला, हवा काढायचा पोकळ स्क्रू) ८ किंवा १० मिमीचा रिंग पाना, व्हाइस ग्रिप, तारेचा ब्रश, गंज सोडवणारं स्प्रे तेल, अर्धा मीटर पारदर्शक नळी, एक प्लास्टिकची बाटली, फडकी, हातमोजे, चष्मा. जॅक आणि त्याच्याबरोबर दोन मजबूत स्टँड. पाइप घरी बनवायचा असेल तर पाइप कटर आणि डबल फ्लेअरचं हत्यार. फ्लेअर म्हणजे पाइपाचं रुंद केलेलं टोक, डबल म्हणजे त्याचा काठ दोनदा दुमडलेला.

ब्रेक ऑइल डब्याच्या झाकणावर लिहिलं असेल तेच आणा, डॉट ३ किंवा डॉट ४. ही दोन्ही एकाच कुळातली. ओलावा न शिरलेलं असताना डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळत नाही, तेव्हा ते नको. बाटली सीलबंदच घ्या. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ओलावा शिरला की त्याचा उकळबिंदू घसरतो. गेल्या वर्षी फोडलेली अर्धी बाटली कितीही चांगली दिसली तरी वापरू नका.

ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर रंग फुगून निघतो. जवळ पाण्याची बादली ठेवा आणि सांडलं की लगेच भरपूर पाण्याने धुवा. ते पाण्यात विरघळतं.

गाडी उचलणं

जमीन सपाट आणि टणक हवी. सोसायटीच्या उतारावरच्या पार्किंगमध्ये हे काम नको, पेव्हर ब्लॉक हलत असतील तर तिथेही नको. हँडब्रेक मागच्याच चाकांवर चालतो, म्हणून मागची बाजू उचलली की हँडब्रेकचा काही उपयोग राहत नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मगच जॅक लावा. गाडीचं वजन जॅकवर राहता कामा नये, ते स्टँडवर उतरवा. स्टँड मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या मजबूत जागेखालीच. विटा रचून त्यावर गाडी ठेवणं अजिबात नको, वीट कुठलीही सूचना न देता फुटते. खाली शिरण्याआधी गाडी बाहेरून जोरात हलवून बघा. डुगडुगली तर उतरवून पुन्हा उचला.

नट सोडवणं

खरं काम हेच. पाइप वाकवणं, हवा काढणं, सगळं यापुढे सोपं आहे.

आदल्या संध्याकाळी दोन्ही टोकांचे नट ब्रशने घासून स्वच्छ करा आणि नट पाइपावर जिथे बसतो त्या फटीत स्प्रे मारा. रात्री झोपण्यापूर्वी एकदा, सकाळी पुन्हा एकदा. हे तेल खनिज तेल आहे, ब्रेकमधल्या रबरी सीलांना ते फुगवतं. म्हणून नट उघडायच्या आधी जागा फडक्याने नीट पुसून घ्या आणि ड्रमच्या आत एक थेंबही जाऊ देऊ नका.

नट उघडल्यावर सगळं ऑइल गळून जाऊ नये म्हणून एक सोपा उपाय आहे. ब्रेक पॅडल इंचभर दाबून सीट आणि पॅडल यांच्यामध्ये काठी अडकवा. मास्टर सिलिंडरचा पिस्टन पुढे सरकतो, डब्याकडून येणारं छिद्र झाकलं जातं आणि गळती जवळजवळ थांबते. ब्रेकचे दिवे तेवढे सतत पेटत राहतील, म्हणून आधी बॅटरीची ऋण तार काढा.

आता पाना चढवा. तो नटाच्या पूर्ण उंचीवर बसला आहे याची खात्री करा. होजपाशी काम करताना होजचं टोक दुसऱ्या पान्याने घट्ट धरा, नाहीतर होज पिळली जाईल. मग एकदम सगळी ताकद न लावता छोटे झटके द्या. थोडा सुटण्याच्या बाजूने, थोडा आवळण्याच्या बाजूने. गंज असा मागेपुढे करत मोडतो. करकर आवाज येऊन नट सुटला की अंदाज हाताला लगेच येतो.

पण बघा, नट फिरतो तेव्हा पाइपही त्याच्याबरोबर फिरतो आहे का? पाइपाचा पीळ दिसू लागला तर नट पाइपाला चिकटला आहे. पाइप तसाही टाकूनच द्यायचा आहे. नटाला लागून तो कापा आणि नटावर सहा कोनांचा सॉकेट बसवून सोडवा. बारा कोनांचा सॉकेट नको. कोपरे आधीच गेले असतील तर व्हाइस ग्रिप आवळून. गॅसच्या ज्योतीने नट तापवण्याचा मोह इथे होतो. गॅरेजमध्ये तसं करताना तुम्ही पाहिलंही असेल. शेजारी पेट्रोलची टाकी आहे, रबरी होज आहे आणि ब्रेक ऑइलही पेट घेतं, तेव्हा घरी हे करू नका. व्हील सिलिंडरमधला नट काही केल्या सुटत नसेल तर व्हील सिलिंडर नवा घ्या. तो फार महाग नसतो आणि जुन्या गाडीत त्याचीही वेळ आलेलीच असते.

पाइप निघाल्यावर उघडी टोकं स्वच्छ रबरी टोपीने झाका. जुना पाइप न वाकवता सगळा एकसंध बाहेर काढायचा प्रयत्न करा, कारण पुढे तोच नमुना आहे.

नवा पाइप

पहिला पर्याय, तयार पाइप. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना पाइप घेऊन जा आणि समोर ठेवून जुळवा. मॉडेलचं वर्षही सांगा. कुर्ल्याला सेकंडहँड भागही ढिगाने मिळतात, पण ब्रेक पाइप सेकंडहँड कधीही घेऊ नका. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने तयार पाइपच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. फ्लेअर पाडण्याची जोखीम त्यात उरतच नाही.

तयार पाइप मिळाला नाही तर बनवावा लागेल. बाहेरून ४.७५ मिमी, म्हणजे ३/१६ इंचाचा ब्रेकसाठीचाच पाइप मागा. लोखंडी चालतो. तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचा मिळाला तर उत्तम, तो गंजत नाही आणि हाताने सहज वाकतो. फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाइप दिसायला तसाच असतो आणि बरेच जण तोच लावून देतात. तो लावू नका. शुद्ध तांबं गाडीच्या थरथरीने कालांतराने कडक होतं आणि तडकतं. फ्रिजवाल्याचं फ्लेअरचं हत्यारही इथे कामाचं नाही. त्याने काठ एकदाच उघडतो, ब्रेकला दोनदा दुमडलेला काठ लागतो.

लांबी मोजायला जुन्या पाइपावरून सगळ्या वळणांसह सुतळी फिरवा आणि दोन्ही टोकांच्या फ्लेअरसाठी थोडी जास्त धरा. कापायला पाइप कटरच वापरा. हॅकसॉने काठ वाकडा येतो आणि लोखंडाचा कीस आत जातो. कटर थोडा आवळायचा, दोन फेरे फिरवायचा, पुन्हा थोडा आवळायचा. कापल्यावर आतला काठ आणि बाहेरचा काठ दोन्ही कानशीने किंवा रीमरने साफ करा.

आता नट पाइपावर चढवा. दोन्ही नट, तोंडं बाहेरच्या बाजूला. फ्लेअर झाल्यावर नट चढत नाही, आणि मग ते टोक कापून पुन्हा सगळं करावं लागतं.

फ्लेअर असा पाडा. पाइप ब्लॉकमध्ये ४.७५ च्या खाचेत घट्ट धरा. हत्याराबरोबर येणारं त्याच मापाचं बटण शेजारी आडवं ठेवा. बटणाला जी पायरी असते तिच्या उंचीएवढाच पाइप ब्लॉकच्या वर आला पाहिजे. एक मिलिमीटरचा फरकही चालत नाही. बटणाची दांडी पाइपात घाला, थेंबभर ब्रेक ऑइल लावा आणि स्क्रू आवळत ब्लॉकला टेकेपर्यंत दाबा. पाइपाचं टोक फुगून बाहेर आलेलं दिसेल. बटण काढा, तोच स्क्रू शंकूने दाबा. फुगलेला काठ आत दुमडून तुतारीच्या तोंडासारखा आकार तयार होतो. जोरात पिळू नका, धातू बसला की थांबा.

मग उजेडात नीट बघा. तोंड सगळीकडून सारखं रुंद आहे का, मध्यभागी आहे का, काठाला केसाएवढी तरी चीर आहे का. एका बाजूला झुकलं असेल तर कापा आणि पुन्हा पाडा. खऱ्या पाइपावर हात घालण्याआधी भंगार तुकड्यावर सराव करा. आणि जुन्या पाइपाचं टोक शेजारी ठेवून आकार जुळवून घ्या. युरोपियन गाड्यांत बऱ्याचदा वेगळा, बुडबुड्याच्या आकाराचा फ्लेअर असतो. दोन आकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

वळणं नवशिक्याने पाइप बेंडरनेच द्यावीत. नसेल तर पंचवीस-तीस मिमी व्यासाच्या सॉकेटभोवती दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू. वळणावर पाइप चेपला तर तो बाद. शेवटी पाइप आतून ब्रेक क्लीनरने धुऊन हवा मारून कोरडा करा.

बसवणं

दोन्ही टोकांचे नट आधी बोटांनी बसवा. तीन-चार आटे बोटांनी सहज गेले पाहिजेत. अडकले तर नट तिरका लागतो आहे, पाना लावून पुढे ढकलू नका. व्हील सिलिंडरचे आटे गेले तर तो पूर्ण भाग बदलावा लागतो. टेफ्लॉन टेप किंवा कुठलाही लेप आट्यांना लावायचा नाही. ऑइल आट्यांनी अडत नसून फ्लेअरच्या काठाने अडतं, आणि टेपचा तुकडा सुटून आत गेला तर तो पुढे कुठे अडकेल सांगता येत नाही.

पाइप मूळ वाटेनेच न्या, प्रत्येक क्लिपेत बसवा. क्लिपा तुटल्या असतील तर नव्या आणा. लोंबता पाइप थरथरून नटापाशी तुटतो. सायलेन्सरपासून लांब, आणि चाक किंवा ॲक्सल वरखाली होताना कुठे घासणार नाही असा. मग नट आवळा. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तो पाळा, या मापाच्या नटाला साधारण १५ ते १८ न्यूटन-मीटर असतो. नवा माणूस गळतीच्या भीतीने फार आवळतो आणि त्यातच फ्लेअर चिरतो.

हवा काढणं

पॅडलची काठी काढा, बॅटरी जोडा, डबा भरा. निप्पलांना आदल्या रात्रीच तेल मारून ठेवलेलं असावं, तेही नटांइतकेच अडून बसतात.

मॅन्युअलमध्ये चाकांचा क्रम दिला असेल तर तोच. नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं.

निप्पलवर पाना, त्यावर नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडलेलं. घरातलं कुणीतरी पॅडलवर. तुम्ही म्हणा ‘दाब’. पॅडलवरच्याने सावकाश दाबून ‘धरलं’ म्हणायचं आणि सोडायचं नाही. तुम्ही निप्पल पाव फेरा उघडा, बुडबुडे आणि ऑइल येईल, पॅडल खाली जाईल. निप्पल बंद करा, मग म्हणा ‘सोड’. हा क्रम चुकून निप्पल उघडा असताना पॅडल सोडलं तर हवा परत आत ओढली जाते. नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हेच. दर पाच-सहा वेळांनी डबा बघा. तो रिकामा झाला तर हवा मास्टर सिलिंडरमधून शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

जुन्या गाडीत आणखी एक काळजी घ्या. पॅडलखाली लाकडाचा छोटा ठोकळा ठेवा, म्हणजे ते पार तळाला जाणार नाही. एरवी पिस्टन कधी पोहोचत नाही त्या भागात सिलिंडरला आतून गंज आणि गाळ असतो. पॅडल तळापर्यंत गेलं की मऊ सील त्यावरून घासतं आणि नवा पाइप बसवलेल्या दिवशीच मास्टर सिलिंडर जातो.

निघालेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका. वेगळ्या बाटलीत भरून, इंजिन ऑइलमध्ये न मिसळता, गॅरेजवाल्याकडे द्या.

तपासणी

इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबा, ते टणक झालं पाहिजे. तसंच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पॅडल थोडं खाली जाऊन थांबेल, तो बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या मदतीने पॅडलचा जोर वाढवणारा भाग, काम करत असल्याचा पुरावा. आता पूर्ण जोराने दोन मिनिटं दाबून धरायला सांगा आणि तुम्ही प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावा. एक ठिपका जरी उमटला तरी नट किंचित आवळा, पुसा, पुन्हा दाबा. तरी ओल आली तर फ्लेअरच चुकला आहे, तो कापून नवा पाडा. पॅडल मऊ असेल तर हवा राहिली आहे, पुन्हा सगळ्या चाकांवरून फिरा.

रस्त्यावर नेण्याआधी आवारात किंवा मोकळ्या मैदानात माणसाच्या चालीच्या वेगाने चालवून थांबवा, मग थोड्या जास्त वेगाने. गाडी एका बाजूला ओढली जाते का, हँडब्रेक नीट धरतो का, मागचे दिवे लागतात का, तेही बघा. यातलं काहीही खटकलं तर त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही, मेकॅनिकला घरी बोलवा.

डब्यावर मार्करने पातळीची रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा, आठवड्याने एकदा रेघ तपासा आणि गाडीखालचा पुठ्ठाही बघा. खासगी गाडीची फेरनोंदणी पंधरा वर्षांनी होते आणि पुढे दर ५ वर्षांनी. दोन तपासण्यांच्या मध्ये पाच पावसाळे जातात, म्हणून दर दिवाळीच्या आधी गाडीखालचा चिखल पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊन घ्या आणि क्लिपांच्या मागे बोट फिरवून पाइप बघा. बोटाला पापुद्रा लागला की तो पाइप गळायची वाट न बघता बदला.